बर्फाच्या शेजारी, बर्फात नाही

पेण-रोह्याच्या माणसाला बर्फ शिकवावा लागत नाही. खाडीकाठचा मुलूख. कोळंबी, बोंबील बर्फात दाबून ठेवले की संध्याकाळपर्यंत टिकतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि नेमक्या याच शहाणपणातून एक चूक होते.

समजा, रोह्याजवळच्या एखाद्या गावातल्या बाईंना स्तनाचा कर्करोग झाला आहे. टाटा रुग्णालयाच्या परळच्या किंवा खारघरच्या केंद्रात त्यांची केमोथेरपी चालू आहे. केमोची बाटली संपते, घरी जायची परवानगी मिळते आणि हातात आणखी एक चिठ्ठी पडते: उद्यापासून रोज एक, अशी पाच-सात छोटी इंजेक्शनं. ती गावाकडेच कुणाकडून तरी टोचून घ्यायची. औषधवाला पिशवी देताना म्हणतो, "थंड ठेवा हं." सोबत आलेला दीर हुशार. तो पनवेलला उतरून बर्फ घेतो, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घालतो आणि बोंबील रुतवावेत तशा त्या सिरिंजा त्यात रुतवतो. दिवा-रोहा गाडी आपटा, जिते, हमरापूर, पेण करत रोह्याला पोचते, तोवर सिरिंजेतलं पाणी गोठलेलं असू शकतं. घरी गेल्यावर वहिनींचं औषध सगळ्यात थंड जागी हवं म्हणून ती पिशवी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, आइस्क्रीमच्या शेजारी जाते.

दुसऱ्या दिवशी पिशवी बाहेर काढली की बर्फ वितळतो. औषध पुन्हा पाण्यासारखं नितळ दिसतं. दिसण्यात काहीच फरक नसतो, आणि घोळ तिथेच आहे.

ही औषधं म्हणजे प्रथिनं. नाजूक घड्या घातलेल्या साडीसारखा त्यांचा आकार असतो आणि त्यांचं सगळं काम त्या घड्यांवर चालतं. गोठवलं, तापवलं किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखं खळखळ हलवलं, की घड्या विस्कटतात, प्रथिनाच्या गुठळ्या होतात. त्यांना हवं 2 ते 8 अंश सेल्सियस, म्हणजे फ्रीजचा मधला कप्पा. दाराचा कप्पा नको, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. प्रवासात बर्फ जरूर घ्यावा, पण सिरिंजेचा खोका कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून त्या बर्फाच्या शेजारी ठेवावा. बर्फाच्या शेजारी, बर्फात नाही. चुकून गोठलंच तर? एखादं औषध एकदा गोठून फ्रीजमध्ये सावकाश वितळलं तर चालतं, दुसरं थेट टाकूनच द्यावं लागतं. कंपनीच्या पत्रकावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर वाचणं आणि शंका असेल तर जिथून औषध आणलं तिथे फोन करून विचारणं, हे सिस्टरचं काम. या औषधांच्या शुश्रूषेत सुई टोचणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. बाकी सगळं अवघड.

ही औषधं नेमकी करतात काय? मटणाच्या नळीत मगज असतो, तसाच आपल्या हाडांतही असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथे घडतात. तांबड्या पेशी सेकंदाला सुमारे 20 लाख या वेगाने तयार होतात आणि प्रत्येक पेशी साधारण 120 दिवस जगते. प्लेटलेट 8 ते 10 दिवस टिकतात. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तात काही तासच फिरतात. म्हणून कारखाना बंद पडला की पहिला तुटवडा न्यूट्रोफिलचा जाणवतो. केमोनंतर ताप-संसर्गाची भीती आधी आणि फिकटपणा मागाहून, असा क्रम असतो तो यामुळेच.

कारखाना आपल्या मनाने चालत नाही, त्याला मागणी यावी लागते. शरीरात ती मागणी नोंदवणारे काही निरोपे आहेत. एक मूत्रपिंडातून निघतो आणि तांबड्या पेशी मागवतो, त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन. दुसरा न्यूट्रोफिल मागवतो, त्याला जी-सीएसएफ म्हणतात. तिसरा प्लेटलेटसाठी, थ्रॉम्बोपोएटिन. हेच निरोप प्रयोगशाळेत तयार करून सिरिंजेत भरले की ती रक्तपेशी वाढवणारी औषधं झाली. प्लेटलेटच्या बाबतीत निरोपाची नक्कल करणारी गोळीसुद्धा आहे.

जी-सीएसएफ समजायला पेणच्या गणपती कारखान्यांसारखं दुसरं उदाहरण नाही. पेण, हमरापूर, जोहे इथे वर्षभर काम चालतं. एखाद्या व्यापाऱ्याचा तातडीचा निरोप आला तर कारखानदार आधी काय करतो? मांडवात तयार असलेल्या मूर्ती गाडीत चढवतो. त्या संपल्या की रंग न दिलेल्या, डोळ्यांची आखणी न झालेल्या कच्च्या मूर्तीही रवाना होतात. नवा माल घडायला मात्र दिवस लागतात. अस्थिमज्जा अगदी असंच वागते. इंजेक्शन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिलचा आकडा एकदम चढतो, कारण कोठारातला माल बाहेर काढलेला असतो. रिपोर्टमध्ये अर्धवट वाढलेल्या पेशीही दिसतात. मग केमोचा खरा तडाखा बसतो, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत आकडा तळाला जातो आणि त्यानंतर नवा माल येऊ लागतो.

आता घरची परिस्थिती बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी हौसेने रक्त तपासून आणतं. आकडा भरपूर. "पेशी तर वाढल्यात की! उगाच कशाला सुया टोचायच्या?" म्हणून उरलेल्या तीन सिरिंजा फ्रीजमध्ये पडून राहतात, आणि बाई तळ गाठायच्या दिवसांत उघड्यावर पडतात. पहिली चढण खरी नसते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. आकडा बघून झाल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही. इंजेक्शन कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतात, आणि तेही तळ ओलांडून गेल्यावरच्या आकड्यावरून.

वेळेचा दुसरा नियम 24 तासांचा. केमो ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना मारते. जी-सीएसएफ मज्जेतल्या पेशींना भराभर विभागायला लावतं. दोन्ही एकाच वेळी दिली तर कामावर नुकत्याच आलेल्या कारागिरांसकट मांडव पेटवल्यासारखं होईल. म्हणून केमो संपल्यावर किमान 24 तास हे इंजेक्शन द्यायचं नाही, आणि पुढच्या केमोच्या आधीच्या 24 तासांतही नाही. एकदाच घ्यायचं, शरीरात रेंगाळणारं पेगफिलग्रॅस्टिम असेल, तर पुढच्या केमोआधी 14 दिवसांचं अंतर ठेवतात. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात मंगळवारी दुपारी चार वाजता केमो संपते, बाई रात्री घरी पोचतात, बुधवारी सकाळी नऊला दीर त्यांना गावातल्या दवाखान्यात नेतो आणि तिथे कुणीतरी म्हणतं, "आलाच आहात तर देऊन टाकू." तेव्हा फक्त सतरा तास झालेले असतात. फाइलवर 'केमो संपली: मंगळवार, दुपारी 4' असं ठळक लिहून देणारी सिस्टर इथे खरी कामाला येते. तारीख पुरत नाही, तास लिहावा लागतो.

टोचण्याविषयीही थोडं. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की कमरेत घेतलेली सुईच लागू पडते. पोटाच्या कातडीखाली दिलेलं बारीक इंजेक्शन लोकांना खेळण्यासारखं वाटतं. पण केमोनंतर प्लेटलेटही घसरलेल्या असतात. अशा वेळी स्नायूत सुई घातली तर आत रक्त साकळतं, आणि तिथेच जंतूंना घर मिळतं. हे औषध कातडीखालीच द्यायचं. बेंबीपासून चार बोटं सोडून पोटावर, मांडीच्या पुढच्या भागावर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला, रोज जागा बदलून. सिरिंज अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेवली तर थंड औषधाची चुणचुण कमी होते. ती उन्हात किंवा गरम पाण्यात धरायची नाही, हलवायची नाही. आत गढूळपणा किंवा कण दिसले तर वापरायची नाही. टोचून झाल्यावर जागा चोळायची नाही. आणि वापरलेली सुई केराच्या बादलीत न टाकता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमवून दवाखान्यात परत द्यायची, कारण ती बादली उचलणाराही कुणाच्या तरी घरचा असतो.

इथून पुढचा भाग सावकाश वाचावा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

जी-सीएसएफमुळे हाडं दुखतात. मज्जा फुगते, काम वाढतं, आणि जिथे मज्जा जास्त तिथे ठणका: कंबर, छातीचं मधलं हाड, मांड्या. काहींना नुसतं जडपणासारखं वाटतं, काहींना उभं राहवत नाही. गावात लगेच निष्कर्ष निघतो: "रोग हाडांत उतरला." या एका वाक्याने घर कोसळतं. इंजेक्शन सुरू करण्याआधीच सिस्टरने सांगायला हवं की दोन-तीन दिवसांनी कंबर दुखेल, ती औषधामुळे, रोगामुळे नाही, आणि इंजेक्शन संपल्यावर थांबेल. आधी सांगितलेलं दुखणं निम्मं दुखतं.

दुखण्यावर बहुधा पॅरासिटामॉल लिहिलेलं असतं. कपाटातली दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही, कारण तशा बऱ्याच गोळ्या प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. पण पॅरासिटामॉलमध्येही एक मेख आहे. ते ताप उतरवतं. न्यूट्रोफिल तळाला असताना ताप हीच एकमेव हाक असते. जंतूंशी लढायला पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, घसा लाल दिसत नाही. सगळं शांत असतं आणि आत संसर्ग पसरत असतो. कमरेसाठी सहा-सहा तासांनी गोळी घेणाऱ्या माणसाचा ताप वर येतच नाही. घरचे निर्धास्त, आणि एके रात्री अचानक हातपाय गार पडतात.

म्हणून नियम असा: आधी थर्मामीटर, मग गोळी. दरवेळी, रात्री दोन वाजतासुद्धा. आकडा वहीत, वेळेसकट. थर्मामीटर तोंडात किंवा काखेत लावायचा, गुदद्वारात कधीच नाही, तिथली नाजूक त्वचा खरचटली तर जंतूंना दार उघडतं. एकदा 101 फॅरनहाइट, म्हणजे 38.3 अंश सेल्सियस, किंवा तासभर 100.4, म्हणजे 38 अंश, इतका ताप राहिला तर ती तातडी आहे. त्या वेळी गोळी देऊन झोपवायचं नाही. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं, असा जगभरचा दंडक आहे. रोह्याहून खारघर तासाभराचं नाही. त्याबद्दल शेवटी बोलू.

क्वचित होणाऱ्या, पण ठाऊक असायलाच हव्यात अशा आणखी दोन गोष्टी. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला एकाएकी दुखायला लागलं तर ते हाडाचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं नाही, प्लीहा फुगून फुटण्याचा धोका असतो. दम लागला, अंगावर झपाट्याने सूज आली, तरी तसंच. दुसरी गोष्ट सिकलसेलची. ज्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात अशा रुग्णाला जी-सीएसएफ दिलं, तर वेदनेचा जीवघेणा झटका येऊ शकतो. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. महाराष्ट्रात सिकलसेल प्रामुख्याने आदिवासी आणि काही इतर समाजांत आढळतो. म्हणून वाडीवरून आलेल्या रुग्णाची फाइल उघडताना 'सिकलसेलची तपासणी झाली आहे का' हा प्रश्न सुईच्या आधी यायला हवा. पिवळं किंवा लाल कार्ड मिळालंय का, लहानपणी हातपाय सुजून दुखायचे का, असंही विचारावं. नुसतं 'काही आजार?' असं विचारलं तर उत्तर 'नाय' असंच येतं.

हे औषध नव्हतं तेव्हा काय होतं, याचा एक दाखला मुंबईतलाच आहे. 1983च्या मार्चमध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रक्ताचा कर्करोग झालेली एक लहान मुलगी, मज्जा तिच्या भावाची. फिलग्रॅस्टिम, म्हणजे सिरिंजेतलं जी-सीएसएफ, अमेरिकेत मंजूर झालं ते 1991 साली. म्हणजे त्या मुलीच्या नव्या पेशी उगवेपर्यंतचे दिवस तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी हात धुऊन, दार बंद ठेवून आणि ताप मोजून काढले. आज सुई आली म्हणून त्यातलं काहीही रद्द झालेलं नाही. उलट आज जे प्रत्यारोपण होतं, त्यात बऱ्याचदा भावाला किंवा बहिणीलाच चार-पाच दिवस जी-सीएसएफ देतात, म्हणजे मूळ पेशी रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून गोळा करता येतात. तो धडधाकट माणूस. त्याला काही झालेलं नसतं, आणि त्याचीच कंबर सगळ्यात जास्त ठणकते. रुग्णाभोवती सगळं घर गोळा होतं, दात्याला कुणी पाणी विचारत नाही. चांगली सिस्टर विचारते.

गणपतीच्या दिवसांविषयी मला हटकून विचारतात. पेणच्या घरात दीड दिवस का होईना, पाहुण्यांनी घर भरणारच. केमोनंतरचा दुसरा आठवडा नेमका त्यात आला तर? माझं मत असं की आरतीला बंदी घालू नये, पण गर्दी, सर्दीखोकल्याची माणसं आणि रंगकामाची, पॉलिशची धूळ यांपासून लांब, खिडकीजवळची खुर्ची द्यावी. खाणं ताजं, शिजवलेलं, गरम. न धुतलेली कापलेली फळं, न तापवलेल्या दुधाचं पंचामृत, भिजवलेली कच्ची कडधान्यं तेवढे दिवस नकोत. आषाढात लावणीच्या चिखलात उतरायचं नाही, पायाला काडी लागली तरी त्या दिवसांत ती काडी राहत नाही.

आता तांबड्या पेशी. एरिथ्रोपोएटिनचा शोध हा चिकाटीचा एक अजब किस्सा आहे. ज्यांच्या मज्जेचं काम थांबलेलं असतं, त्यांची मूत्रपिंडं जिवाच्या आकांताने हा निरोप पाठवत राहतात आणि तो लघवीतून वाहून जातो. जपानमधल्या ताकाजी मियाके यांनी अशा रुग्णांची 2,550 लिटर लघवी जमवली, आटवली, वाळवली आणि ती भुकटी शिकागोला यूजीन गोल्डवासर यांच्याकडे नेली. 1977 साली त्यातून शुद्ध एरिथ्रोपोएटिन मिळालं, फक्त काही मिलिग्रॅम. त्यावरून पुढे जनुक सापडलं आणि 1989 साली औषध बाजारात आलं.

मूत्रपिंड निकामी झालं की हा निरोप्याच गप्प होतो. म्हणून डायलिसिसवरचा माणूस फिकट, थकलेला असतो. पूर्वी त्याला दर थोड्या दिवसांनी रक्ताच्या बाटल्या लागत, आता आठवड्यातून एक ते तीन वेळा इंजेक्शन. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या सुईनंतर रुग्ण म्हणतो, "यानं काय होत नाय, सिस्टर."

पण निरोप पोचला आणि माती नसेल, तर मूर्ती कशाची घडवणार? लोह नसेल तर एरिथ्रोपोएटिन फुकट. डॉक्टर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासतात ते यासाठी. बऱ्याच डायलिसिस रुग्णांना लोह शिरेतून द्यावं लागतं, आणि ते देताना पहिली काही मिनिटं परिचारिकेने खुर्चीशेजारून हलायचं नसतं. लोहाइतकीच गरज फॉलिक आम्लाची, आणि इथे परळचा संबंध पुन्हा येतो. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा पंडुरोग त्यांना समजून घ्यायचा होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना दिसलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, या बायकांचं रक्त सुधारतं. 1931 साली त्यांनी ते जाहीर केलं. त्या अर्कातला तो अज्ञात घटक पुढे फॉलिक आम्ल ठरला. आशाताई गरोदर बाईंच्या हातात जी लाल गोळी ठेवते, तिच्यात लोहाबरोबर तेच असतं. रक्त वाढवणारं एक मोठं औषध टाटा रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर हाती लागलं होतं, हे पेणहून परळला खेपा घालणाऱ्याला कुणी सांगत नाही.

एरिथ्रोपोएटिनचा धोका जास्त होण्यात आहे. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं करावं. 2006 आणि 2009 साली मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि उलटंच दिसलं: 13च्या घरात नेलेल्या रुग्णांना फायदा झाला नाही, काहींत पक्षाघात आणि हृदयविकार वाढले. म्हणून आता साधारण 10 ते 11.5 इतकंच पुरे मानतात, आणि दोन आठवड्यांत 1 ग्रॅमहून अधिक चढलं तर डोस कमी करतात. नातेवाइकांना हे पटवणं महाकठीण. 'आमच्या दादांचं रक्त 14 करा' म्हणणारा मुलगा प्रेमापोटीच बोलत असतो. कर्करोगातही हे औषध सरसकट देत नाहीत, रोग मुळापासून बरा करायचा असेल तिथे तर टाळतातच.

रक्त दाट झालं की रक्तदाब चढतो. म्हणून प्रत्येक इंजेक्शनआधी रक्तदाब, आणि तो फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेली शीर, नसलेल्या हातावर. डोकं प्रचंड दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटका, एका पायाला सूज, ही धावत यायची लक्षणं. फिस्टुलावर रोज सकाळी बोटं ठेवून घरघर लागते का ते बघायचं. ती थांबली तर शीर गुठळीने बंद झाली असू शकते, आणि तेव्हा पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट बघण्यात अर्थ नसतो. आणि मीठ. मिठागरांच्या या मुलखात, जिथे पापड आणि मिरगुंडं घरोघर होतात, पावसाळ्यात सुकट, सुके बोंबील, वाकट्या यांवर जेवण निघतं, तिथे 'मीठ कमी खा' म्हणून भागत नाही. जवळा-सुकट आणि पापड यांची नावं घेऊन बोलावं लागतं. वरून मीठ न घेणारा माणूस 'मी मीठ खातच नाही' असं शपथेवर सांगतो आणि ताटात दोन पापड असतात.

प्लेटलेटचं थोडक्यात. एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी कॅल्शियम, लोह वगैरे धातूंना चिकटते आणि मग पोटातून रक्तात जातच नाही. कॅल्शियम भरपूर असलेल्या खाण्याच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर ती घ्यावी लागते. चिठ्ठीवर 'दूध टाळा' एवढंच लिहितात. आपल्या भागात दूध कोण एवढं पितं? इथलं कॅल्शियम नाचणीच्या भाकरीत आणि काट्यासकट खाल्लेल्या बारीक मासळीत असतं. महिनाभर रोज गोळी घेऊनही प्लेटलेट हलत नसतील, तर डोस वाढवण्याआधी रात्रीच्या जेवणात काय होतं ते विचारावं. यकृताची तपासणीही मधूनमधून लागते.

आता पुन्हा फ्रीजकडे. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. रोहा, मुरूड, श्रीवर्धन भागात अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. फ्रीज नुसते कपाट झाले. पावसाळ्यात वादळ नसतानाही वीज तासन्‌तास जाते. म्हणून पाच-सहा सिरिंजा एकदम घरी साठवण्यापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठेवता येतील का, ते आधी विचारून ठेवावं. तिथे लशींसाठी आइसलाइन्ड फ्रीज असतो, वीज गेल्यावरही तो बराच वेळ थंडी धरतो. नाही म्हटलं तर ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे असा शेजारी शोधावा. हे लाजायचं काम नाही.

आणि आता तो शेवटचा मुद्दा. रात्रीचे अकरा. वहीत ताप 101 लिहिलेला आहे. खारघरच्या फाइलवर मुंबईचे फोन नंबर आहेत. पहाटेच्या गाडीने निघू, असं घरात ठरतं. तसं ठरवू नका. आधी जवळच्या, चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयात जा, रोह्यात असाल तर रोह्यात, पेणला असाल तर पेणला. पहिलं अँटिबायोटिक तिथेच शिरेतून जाऊ दे, पुढे कुठे न्यायचं ते मग ठरवता येतं. जाताना फाइल, औषधाची रिकामी सिरिंज आणि तापाची वही बरोबर घ्या. आणि केसपेपरच्या रांगेत उभं न राहता, दारात जो पहिला माणूस भेटेल त्याला मोठ्याने सांगा: "केमो चालू आहे, आणि ताप आलाय."